दमा आहे आणि वजनही वाढलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. नागपुरातच वाढले, इथेच काम करते. दमा आणि लठ्ठपणा दोन्ही असलेली माणसं येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: चाललं की दम लागतो, नाही चाललं की वजन वाढतं, आणि वजन वाढलं की दोन पावलांतच दम लागतो. खालचे प्रश्न मला ओपीडीत, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारले गेले आहेत. उत्तरं वाचून औषधात परस्पर बदल मात्र करू नका. तो निर्णय तुमच्या छातीच्या डॉक्टरांचा.

वजनामुळे दमा होतो, की दम्यामुळे वजन वाढतं?

दोन्ही होतं. पोटावरची आणि छातीवरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जेवढी हवा उरायला हवी तेवढी उरत नाही, त्यामुळे बारीक श्वासनलिका अरुंद राहतात आणि लवकर मिटतात. शिवाय चरबी नुसती पडून नसते. तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात मिसळतात. लठ्ठ माणसाच्या दम्यावर पंपातलं स्टेरॉइड कधीकधी कमी लागू पडतं, त्याचं हे एक कारण.

उलट बाजूने, दम लागेल या भीतीने माणूस जिना टाळतो, बाजारात जायला मुलाला पाठवतो. वरचेवर अटॅक येत असतील तर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी भूक वाढते. पाच-सात वर्षांत दहा किलो कसे चढले ते कळतही नाही.

मला लागणारा दम हा दम्याचाच आहे कशावरून?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा. वजन जास्त असलं की दमा नसतानाही धाप लागते. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल, हृदयाचा त्रास असेल तरी लागते. त्यामुळे कुठलाही वजन कमी करण्याचा कार्यक्रम सुरू करण्याआधी एकदा स्पायरोमेट्री करा, म्हणजे नळीत जोरात फुंकायची ती तपासणी. औषध ओढायच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर ती दम्याकडे बोट दाखवणारी खूण. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत छातीच्या विकारांचा विभाग आहे. दमा नसताना वर्षानुवर्षं पंप ओढणारे आणि दमा असताना 'वजनाचा दम आहे' म्हणून घरी बसलेले, असे दोन्ही मी पाहिलेत.

किती वजन उतरलं म्हणजे श्वासात फरक पडेल?

आत्ताच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. समजा उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो आहे. मग पहिलं लक्ष्य साडेतीन-चार किलो, त्यानंतरचं आठ किलोपर्यंत. '५५ किलो करायचंय' असं ठरवून येणाऱ्यांना मी आधी तो आकडा विसरायला सांगते.

ऑस्ट्रेलियात २०१३मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जास्त वजनाच्या ४६ दमेकऱ्यांना फक्त आहार, फक्त व्यायाम किंवा दोन्ही दिलं होतं. ज्यांचं वजन ५ ते १० टक्के उतरलं त्यांतल्या ५८ टक्के लोकांचा दमा जाणवण्याइतका आटोक्यात आला. कॅलिफोर्नियातल्या ३३० जणांचा अभ्यास २०१५मध्ये आला. तिथे कार्यक्रमातल्या गटाचं सरासरी वजन थोडंच उतरलं आणि दम्यात दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. पण ज्यांनी १० टक्के किंवा जास्त उतरवलं, त्यांना फायदा झाला. म्हणून मी दोन-अडीच किलोवर समाधान मानू देत नाही, आणि वीस किलोचं स्वप्नही दाखवत नाही.

माझा बीएमआय २६ आहे. म्हणजे मी लठ्ठ का?

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. भारतीयांसाठी तो २३च्या वर असेल तर जास्त वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे चरबी पोटावर आधी बसते, म्हणून कंबरही मोजा: पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. दम्यासाठी मला काट्यापेक्षा कंबरेचा आकडा जास्त सांगून जातो.

पंपात स्टेरॉइड असतं. त्यानेच वजन वाढतं ना? वजन कमी करायचं तर पंप बंद करू का?

नाही. कृपा करून बंद करू नका.

माझ्या आईला दमा होता. पंप ती पदराआड घ्यायची, पाहुण्यांसमोर तर कधीच नाही. वजन ऐंशीच्या वर गेलं तेव्हा ती एका ठिकाणी गेली, महिन्याभरात दहा किलो उतरवून देतो म्हणणाऱ्या. तिथे तिला सांगितलं, 'पंपानेच तुम्ही फुगलात, आधी तो सोडा.' तिने सोडला. अकराव्या रात्री तिला एक वाक्य पूर्ण बोलता येईना. तीन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं, स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, पुढे आठवडाभर गोळ्या. ज्या स्टेरॉइडच्या भीतीने पंप सोडला, तेच कित्येक पटींनी अंगात गेलं.

हिशेब साधा आहे. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, नेहमीच्या डोसात वजनावर त्याचा परिणाम नगण्य असतो. वजन वाढवतात त्या गोळ्या, आणि रोजचा पंप नीट घेतला तर त्या गोळ्यांची वेळच कमी येते. दमा सलग तीन महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर स्वतःहून डोस उतरवायचा विचार करतात. वजन उतरल्यावर तो उतरण्याची शक्यता वाढते, एवढी आशा जरूर ठेवा.

आणि पंप घेता कसा, तेही एकदा डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. फवाऱ्याचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबताना सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद रोखायचा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळकांडी, असेल तर फारच छान. पावडरच्या यंत्राला मात्र जोरात आणि एका दमात ओढावं लागतं. त्यातली कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे काका मला भेटलेत, तेही दोन वर्षं! नंतर चूळ भरायला विसरू नका.

कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात. ते घेतलं तर चालेल का?

विदर्भात कितीतरी घरं श्रद्धेने जातात. माझ्याही घरातले जात. जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण रोजचा पंप त्या रात्रीही घ्या, खिशात तातडीचा पंप, म्हणजे दम लागल्यावर लगेच घ्यायचा तो, ठेवा, आणि थंडीत उघड्यावर रात्रभर बसू नका. 'आता पंप सोडा' असं तिथे कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. वर्षभर घ्यायच्या पुड्या मिळत असतील तर जास्त सावध राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. दोन महिन्यांत दम एकदम बरा, चेहरा मात्र चंद्रासारखा गोल, असं झालं की पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा. आणि ती एका दिवसात बंद करू नका, त्यातही धोका असतो.

नागपूरच्या उन्हात आणि थंडीत चालायचं तरी कधी?

यावर मी लोकांशी सगळ्यात जास्त बोलते. कारण पुण्या-मुंबईला लिहिलेले तक्ते 'पहाटे चाला' म्हणतात आणि आपल्याकडे ते अर्ध्या वर्षाला लागू पडत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. थंड कोरडी हवा श्वासनलिका आवळते, त्यात शेकोट्यांचा, जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर जमिनीलगत साचलेला असतो. त्या दिवसांत सूर्य चांगला वर आल्यावर नऊच्या सुमारास निघा, नाहीतर दुपारी चार-पाचला. नाकावर ओढणी किंवा रुमाल घ्या, श्वास नाकाने घ्या. दिवाळीनंतरचे चार-पाच दिवस घरातच चाला. मेमध्ये उलट: पारा ४५ला टेकतो तेव्हा साडेसहाच्या आत चालणं आटोपलं पाहिजे. पावसाळ्यात बाग चांगली, पण सप्टेंबरच्या आसपास गाजर गवत फुलोऱ्यावर येतं. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मोकळ्या प्लॉटांच्या कडेने जाऊ नये.

जागा निवडताना गाड्यांपासून लांब जा. अंबाझरीचा परिसर, महाराजबाग, आपल्या वस्तीतलं उद्यान, काहीही चालेल. फुटाळ्याला संध्याकाळी गर्दी आणि धूर असतो, तिथे सकाळी जा. सेमिनरी हिल्सचा चढ पहिल्या दोन महिन्यांत नको. शहराच्या उत्तरेला, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप फोनवर ठेवावं. हवेचा निर्देशांक १००च्या वर गेला की दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो. २००च्या वर असेल त्या दिवशी बैठकीच्या खोलीत फेऱ्या मारा. मी स्वतः मारते.

चाललं की पाच मिनिटांत छाती भरते. व्यायाम जमणार कसा?

आधी दमा आटोक्यात आणा, मग व्यायाम वाढवा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा तातडीचा पंप लागत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

दमा शांत असेल तर दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करा. हात फिरवा, जागच्या जागी पावलं टाका. एकदम जोरात सुरुवात केली की नळ्या आवळतात. काहींना डॉक्टर चालण्याआधी पंप घ्यायला सांगतात. तो आधी घेणं ही कमजोरी नाही, उपचाराचाच भाग आहे. वेग असा ठेवा की सोबतच्या माणसाशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे पुरे. तीन-चार महिन्यांत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोहोचायचं. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड असे ताकदीचे व्यायाम घाला, नाहीतर चरबीसोबत स्नायूही उतरतात. थांबतानाही हळूहळू थांबा.

कूलर लावला की खोकला येतो, कूलर बंद केला की झोप येत नाही. काय करू?

उन्हाळ्यात कूलरशिवाय नागपुरात राहता येत नाही, हे मला मान्य आहे. दोष बहुतेकदा गेल्या वर्षीच्या गवताचा असतो. त्यात धूळ आणि बुरशी बसलेली असते आणि मार्चमध्ये पहिल्यांदा बटण दाबलं की सगळी तुमच्या तोंडावर. दरवर्षी नवं गवत लावा, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, रात्री खिडकी थोडी उघडी ठेवा आणि झोत थेट अंगावर घेऊ नका. गवत बदलताना दमेकरी माणूस घरात नको. हे वजनाशी थेट निगडित नाही असं वाटेल, पण एप्रिल-मेमध्ये झोप मोडलेली माणसं दिवसा जास्त खातात, हे मी दरवर्षी पाहते.

खायचं काय? सावजी आणि तर्री पोहे कायमचे बंद?

कायमचं काहीच बंद नाही. बंद केलेली गोष्ट माणूस चोरून खातो आणि मग दुप्पट खातो.

आपल्या जेवणात मला सर्वांत आधी तेल मोजायचं असतं. एक चमचा, म्हणजे ५ मिली तेल साधारण ४५ कॅलरी. सावजी रस्स्यावरचा तवंग, वडाभातावर वरून घेतलेलं फोडणीचं तेल, हिवाळ्यातली तळलेली सांबारवडी यांत असे किती चमचे जातात ते खाणाऱ्याला दिसत नाही. घरात माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल हा माझा मापदंड. चार माणसांच्या घरी महिन्याला पाच लिटर संपत असेल तर तक्ता लिहायच्या आधी आम्ही फक्त तेलावर काम करतो. सावजी महिन्यातून एकदा खा, तवंग काढून, भाकरीसोबत. तर्री पोहे हवे असतील तर रविवारी, आणि वाटीत हरभरे जास्त, रस्सा कमी मागा.

रोजच्या ताटात अर्धी जागा भाज्यांची. पाव भागात घट्ट वरण, चणे, अंडी, मासे किंवा चिकन. उरलेल्या पावात ज्वारीची भाकरी, पोळी किंवा भात. हिवाळ्यात तुरीचे सोले, वांग्याचं भरीत, पालेभाज्यांची चंगळ असते, ते दिवस वाया घालवू नका. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील आणि ताक. दिवसाला ५०० कॅलरींच्या आसपास कमी केल्या तर आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरतं. त्याहून वेगाने उतरवायची घाई नको. ८०० कॅलरींचे कडक आहार फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दम्याला संत्री, केळी, दही, भात चालत नाही म्हणतात.

ज्या पदार्थाने तुम्हाला स्वतःला प्रत्येक वेळी त्रास होतो तो टाळा. बाकीच्यांना सरसकट दोषी धरू नका. आपल्या नागपुरात राहून संत्रं न खाणं म्हणजे केवढा तोटा! फोडी करून खा. रस काढला की तंतू जातो आणि ग्लासात चार संत्र्यांची साखर उतरते. संत्रा बर्फी हे फळ नव्हे, एवढं मात्र धरून चाला. सल्फाइट घातलेल्या सुक्या फळांनी आणि बाटलीबंद पेयांनी काही दमेकऱ्यांची छाती खरोखर भरते, तेव्हा लेबल वाचत जा.

गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या घेतो. चालतं का?

दमा असलेल्या काही मोठ्या माणसांना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी अटॅक येतो. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या आणि काचबिंदूच्या काही औषधांचंही तसंच. टिमोलॉल असलेले डोळ्यांचे थेंबही दमा वाढवू शकतात. प्रत्येक डॉक्टरला 'मला दमा आहे' हे आधी सांगत जा.

चरबी जाळणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल?

नको. अनेकांत भरपूर कॅफिन असतं. दम्याच्या काही गोळ्यांनी आणि तातडीच्या पंपाने आधीच छातीत धडधडतं, त्यात ही भर.

वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दल खूप ऐकतोय.

मौंजारो भारतात मार्च २०२५मध्ये आलं आणि वेगोव्ही जूनमध्ये. ही भूक कमी करणारी, डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची औषधं आहेत. वजन खरंच उतरवतात. मळमळ, उलट्या होतात, आणि बंद केली की बरंच वजन परत येतं. ती दम्याची औषधं नाहीत. बीएमआय फार जास्त असेल तर शस्त्रक्रियेचाही पर्याय असतो, त्यानंतर अनेकांचा दमा हलका होतो. पण भूल देण्याआधी दमा पूर्ण आटोक्यात हवा.

प्राणायामाने पंप सुटेल का?

सावकाश श्वासाच्या व्यायामांनी धाप कमी जाणवते, घबराट उतरते. रोज करा. पण नळ्यांची सूज त्याने जात नाही, ती पंपानेच जाते. अटॅक सुरू असताना कपालभाती मुळीच नको.

मी घोरते, आणि रात्री छातीत जळजळून खोकला येतो.

दोन्ही गोष्टी वजनासोबत येतात आणि दमा बिघडवतात. घोरताना श्वास अडत असेल, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. जळजळीसाठी जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. दुकान बंद करून साडेदहाला जेवणाऱ्या इतवारीतल्या मंडळींना हे जड जातं, माहीत आहे. त्यांनी सातला दुकानातच डबा उघडावा आणि घरी गेल्यावर फक्त ताक घ्यावं.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, गुटगुटीत आहे, दमाही आहे. त्याला डाएट लावू का?

लावू नका. वाढत्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं. ते तिथेच रोखून उंची वाढू द्यायची असते. शीतपेयं, बिस्किटं, चिप्स घरात आणणं सगळ्यांनीच थांबवा. आणि त्याला खेळाच्या तासाला बाकावर बसवू नका. शाळेत पंप द्या, शिक्षकांना तो कसा द्यायचा ते दाखवा, मग पळू द्या. गरोदर असाल तर तुमच्यासाठीही हेच: वजन उतरवायची ही वेळ नाही आणि पंप सोडायचीही नाही.

इतके वर्ग, इतकी केंद्रं आहेत. चांगलं कोणतं ते कसं ओळखू?

पहिल्या भेटीत त्यांनी दम्याबद्दल काय विचारलं ते पाहा. शेवटचा अटॅक कधी आला, कोणता पंप घेता, यातलं काहीच न विचारता तक्ता हातात दिला तर उठून या. आहार, चालणं आणि सवयी या तिन्हींवर किमान सहा महिने काम, तुमच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी आणि वजन परत चढू नये म्हणून पुढचं वर्षभर भेटी, एवढं असेल तर थांबा. औषध बंद करायला सांगणारा, महिन्याचे किलो मोजून देणारा, स्वतःची पावडर विकणारा, या तिघांकडे पैसे भरू नका.

चालताना अटॅक आला तर?

थांबा, बसा, आडवे होऊ नका. तातडीच्या पंपाचे चार झोत, एकेक करून, शक्यतो स्पेसरमधून घ्या. वीस मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा घ्या आणि रुग्णालयाकडे निघा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल तर वाट न बघता १०८ला फोन करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेगळी योजना असेल तर ती घरच्यांनाही पाठ हवी. पंप घरी ठेवून फिरायला जाऊ नका.

पहिल्यांदा भेटायला येताना काय आणू?

सगळे पंप, रिकामे असले तरी. बाकीच्या गोळ्या, पुड्या, काढे, जे काही घेता ते एका पिशवीत घालून. स्पायरोमेट्रीचा कागद. महिन्यात किती तेल संपतं त्याचा अंदाज. स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर त्या व्यक्तीला सोबत आणा. बहुतेक वेळा आपलं अर्ध बोलणं त्यांच्याशीच होतं. चप्पल चालण्याजोगी घाला. कॉरिडॉरमध्ये आपण सहा मिनिटं चालून बघू, आणि पंप तुम्ही माझ्यासमोर, उघडपणे घ्याल.